हे कंपनीला, हे मला

आप्पांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. काठीनं मागचं चाक टोचून बघितलं, ताप बघावा तसा बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि म्हणाले, "छान आहे. कुणाची?"

शेडच्या तोंडाशी मुलगा, सून आणि नात उभी होती. आजोबांच्या डोळ्यांत पाणी येईल या खात्रीनं नातीनं मोबाईल रोखून धरला होता. तो तिनं हळूच खाली घेतला.

"आपली आहे, आप्पा," मुलगा म्हणाला. "तुमचीच. जन्मभर चालवलीत की."

आप्पांनी मुलाकडे मोठ्या सहानुभूतीनं बघितलं. "आपली नाही रे. आपली गाडी मी ओळखणार नाही होय? कुणीतरी चुकून इथं लावलीय. कळव त्याला. शोधत असेल बिचारा."

आणि चहा झाला का, असं विचारत ते घरात गेले.

सहा वर्षं तो ती गाडी नव्यासारखी करण्याच्या मागे होता. पोटापाण्यासाठी तो कवळ्या करायचा. दातांची डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडाचे साचे पाठवायची आणि हा प्रयोगशाळेत बसून त्यावर दात बसवायचा. गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत, आणि तो तोंडावरही ऐकून घ्यायचा. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून संध्याकाळी घरी आला की चहा घेऊन शेडमध्ये. सुट्टीच्या दिवशी चहा न घेताच. स्टिअरिंगला गेलेले तडे त्यानं कवळीच्या हिरड्या ज्या मसाल्याच्या करतात त्याच मसाल्यानं भरले होते. वर काळा रंग दिला होता म्हणून बरं, नाहीतर स्टिअरिंग हसल्यासारखं दिसलं असतं.

गाडी आप्पांची. आप्पा वजनकाटे दुरुस्त करायचे. मागे काटे, तागड्या आणि वजनांची पेटी घालून दुकानं पालथी घालायचे. अख्ख्या बाजाराचं वजन बरोबर ठेवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या गाडीत मात्र एकही गोष्ट बरोबर नव्हती. चालकाचं दार बिजागरीतून लोंबायचं. ते गुडघ्यानं वर उचलून लावावं लागे, आणि तेही एका दणक्यात कधी लागत नसे. पहिल्या दणक्याला आप्पा म्हणत, "हे कंपनीला," आणि दुसऱ्याला, "आणि हे मला." ही गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, पण आप्पांनी तिचा वाटा कधी चुकवला नाही. एंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसायची. त्यामुळे शाळा सुटताना आप्पा गाडी बंद न करताच फाटकाबाहेर थांबत आणि हॉर्न देत, दोनदा, आखूड. मग हा दप्तर सांभाळत पळत यायचा. चालत आला तर पेट्रोल जळायचं.

आता गाडीतलं सगळं बदललं होतं. बिजागऱ्या, सीटा, वायरी, काचांचे रबर, पत्र्याचा निम्मा भाग. दार एका बोटानं ढकललं तरी 'टक्' असा सभ्य आवाज करून बंद व्हायचं. काढलेला एकही भाग त्यानं भंगारात दिला नव्हता. जुनी गाडी घरभर पलंगांखाली पसरली होती.

"आपल्याकडे दोन गाड्या आहेत," बायको पाहुण्यांना सांगायची. "एक शेडमध्ये आहे. दुसरीवर आम्ही झोपतो."

"बाबा, माझ्या मैत्रिणींच्या पलंगाखाली चपला असतात," मुलगी म्हणायची.

आप्पांची स्मरणशक्ती हल्ली ऑफिसच्या वेळा पाळायची. सकाळी हजर, अगदी चोख. दुपारी जेवून उठली की गेली, ती थेट दुसऱ्या दिवशी उगवायची. सकाळी ते त्याला नावानं हाक मारत. दुपारी तो जे कुणी नेमून देतील ते असे. आजवर तो पंपाचा मेकॅनिक झाला होता, वीजमीटर बघायला आलेला माणूस झाला होता, आणि मध्ये दोन दिवस घरमालक होता. घरमालक असताना आप्पांनी गळक्या छतावरून त्याची अशी काही खरडपट्टी काढली, की त्यानं त्याच आठवड्यात छत दुरुस्त करून घेतलं. सुरुवातीला तो समजावून सांगायचा, आप्पा, मी तुमचा मुलगा. त्यावर आप्पा अतिशय नम्रपणे "असेल, असेल" म्हणायचे. ते 'असेल' ऐकण्यापेक्षा घरमालक होणं त्याला परवडायचं.

रविवारी आप्पा ताईकडे राहायला जाणार होते. तिचं घर तळमजल्यावर होतं, तिथं दिवसभर बाई ठेवता येणार होती, आणि इथं जिन्यावरून ते दोनदा पडले होते. जाणं कायमचं आहे, असं कुणी म्हणत नव्हतं. 'सध्या' म्हणत होते.

"मी टॅक्सी सांगते," ताई फोनवर म्हणाली.

"नको. आपल्या गाडीनं आणतो त्यांना."

"अरे, पण ते बसतात का तिच्यात? वहिनी म्हणाली, हात लावायला तयार नाहीत."

खरंच नव्हते. पुढचे दोन दिवस सकाळी सकाळी त्यानं प्रयत्न करून बघितले. जुने फोटो दाखवले, पाटी दाखवली. पाटीचा नंबर आप्पांनी न बघता म्हणून दाखवला आणि वर म्हणाले, "नंबर आपला आहे. म्हणजे चोरीचं प्रकरण दिसतंय. तू यात पडू नकोस."

"राहू दे ना आता," बायको म्हणाली. "टॅक्सीनं गेले काय नि गाडीनं गेले काय, पोचल्याशी मतलब."

"सहा वर्षं केलंय गं."

"माहितीय. मी वरच झोपत होते."

तो हसला नाही. "त्यांनी एकदा ती ओळखायला हवी. तिकडे जायच्या आधी. मग काहीही विसरू देत."



शुक्रवारी प्रयोगशाळेत एक कवळी परत आली. बरोबर तिची मालकीणही आली, एक निवृत्त मुख्याध्यापिका. कवळी उत्तम होती. त्या महिन्यात तिच्याइतकी सरळ दुसरी झाली नव्हती.

"कुठे टोचते का, बाई?"

"टोचत नाही."

"सैल होते?"

"नाही. पण हे दात माझे नाहीत. दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत. परक्या बाईबरोबर जेवायला बसल्यासारखं वाटतं मला."

असं गिऱ्हाईक वर्षातून दोन-तीनदा येतंच. यावरचा इलाज धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतो आणि डॉक्टर मंडळींपुढे कुणी तो फारसा बोलून दाखवत नाही. त्यानं बाईंकडून त्यांचा तरुणपणचा फोटो मागून घेतला. फोटोत समोरचा एक दात शेजारच्यावर किंचित रेलला होता, सभेत पेंगणाऱ्या माणसासारखा. त्यानं कवळीतला तो दात काढला, तसाच कलता बसवला, शेजारच्याचा कोपरा जरा झिजवला. बाईंनी कवळी तोंडात घातली, जीभ फिरवली आणि आरशाकडे न बघताच म्हणाल्या, "हां. आली."

तो तसाच बसून राहिला. हातात मुख्याध्यापिकेचा निरुपयोगी सरळ दात होता.

शनिवारी संध्याकाळी त्यानं पलंगाखालून जुन्या बिजागऱ्या काढल्या आणि कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेल्या.

"ह्या झिजल्यात," वेल्डर म्हणाला. "फेकून द्या."

"झिजलेल्याच बसवायच्या आहेत. दार लोंबलं पाहिजे."

वेल्डरनं चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे चांगली गाडी बिघडवून हवीय?"

"थोडीशीच."

"बिघडवायचं काम तर आम्ही रोजच करतो, साहेब. पण कुणी सांगून करून घेतलं नव्हतं आजवर." त्यानं बिजागरी उलटसुलट करून बघितली. "हे काम सुधारण्याहून अवघड आहे बघा. सुधारताना चुकलं तर कुणी ओळखत नाही. बिघाड चुकला तर तो वेगळाच बिघाड होऊन बसतो."

ते खरं निघालं. वेल्डरनं बिजागरीचे जुने कान सरळ करून दिले, पण रविवारी पहाटेच उठून बसवायला घेतलं तर जुनी खीळ नव्या दाराला बसेना. नव्या रंगाचा थर आड येत होता. स्वतः मन लावून दिलेला रंग त्यानं स्वतःच खरवडून काढला. मग दार लोंबलं, पण जास्तच लोंबलं. मग लोंबेना. सकाळची आप्पांची वेळ होती, त्यांना सगळं ओळखू येण्याची, आणि ती तशीच हातातून निघून चालली होती. घरात आप्पा त्याला नावानं हाक मारत होते. कपडे घालून झाले, निघायचं का, असं विचारत होते. तो शेडमधूनच ओरडला, "आलो आप्पा, एवढं दार झालं की निघू!"

दाराबरोबर चालकाची जुनी सीटही त्यानं मुलीच्या पलंगाखालून ओढून काढली आणि जागेवर बसवली. डाव्या मांडीखाली वर येणाऱ्या स्प्रिंगसकट. नवी, टुमदार, शिवून घेतलेली सीट पलंगाखाली गेली. अंग मोडून आलं होतं. खाली आडवं झालं तर उठायला होणार नाही, म्हणून तो उभ्यानंच पाणी प्यायला. काम संपलं तेव्हा आत जेवणाची ताटं उचलली जात होती.

आप्पा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. मागे बायको त्यांची प्रवासाची पिशवी घेऊन.

आप्पांनी त्याच्याकडे बघून मान लववली. "नमस्कार, मिस्त्री."

बायको दारातच थांबली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

"नमस्कार," तो म्हणाला.

आप्पा गाडीजवळ आले. काठी सवयीनं बगलेत मारली आणि चालकाचं दार उघडलं. दार बोटभर खाली आलं. ते पुरतं खाली येण्याआधीच आप्पांचा गुडघा त्याच्याखाली जाऊन पोचला होता. ज्या गुडघ्याला जिना जमत नव्हता, तोच. ते आत बसले, कण्हले, डावी मांडी जराशी उचलून बाजूला घेतली. मग दार ओढलं.

"हे कंपनीला."

धप्प. लागलं नाही.

"आणि हे मला."

धप्प.

आप्पांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग, कुणी रुसून गेलेलं माणूस घरी परत आल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाले, "आलीस होय."

तो दुसऱ्या बाजूनं आत शिरून शेजारी बसला.

"कुठं सापडली हो?" आप्पांनी विचारलं.

"घरातच होती."

"काही केलं नाहीत ना तिला?"

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही केलं."

"बरं झालं." आप्पा त्याच्याकडे झुकले आणि आवाज खाली आणून बोलू लागले. "एक सांगून ठेवतो, मिस्त्री. माझा मुलगा कधी आला, तर त्याला हात लावू देऊ नका. त्याला सगळं नीट करायची खोड आहे. लहानपणी घरातलं घड्याळ उघडलं होतं त्यानं. तेव्हापासून ते उलटं चालायला लागलं. अचूक, पण उलटं."

"वाईट आहे."

"वाईट नाही हो!" आप्पा एकदम त्याच्यावर उखडले. "मुलगा चांगला आहे. भारी मन लावून करतो. बोलत मात्र नाही. समोर बसून राहील, सगळं ऐकून घेईल. पण त्याला स्वतःला काय हवंय, ते कधी कळलंच नाही मला."

"विचारलं होतंत कधी?"

आप्पा काचेतून समोर फाटकाकडे बघत राहिले. "राहून गेलं. काटे, दुकानं, धावपळ." मग त्यांनी मोकळ्या मनगटावर वेळ बघितली आणि दचकले. किल्ली तिथंच होती. त्यांनी ती फिरवली. सहा वर्षांची सगळी मेहनत पहिल्याच फटक्यात सुरू झाली, पण आप्पांना त्याचं काही नवल वाटलं नाही. "आज विचारतो. उतरा तुम्ही आता. शाळा सुटली असेल, मुलाला आणायचंय. आणि एंजिन बंद करायला सांगू नका, पुन्हा लागायचं नाही."

तो उतरला. दार हलकेच लावलं. या बाजूचं दार अजून सभ्य होतं.

आता कुठं उभं राहावं, ते त्याला कळेना. शेडमध्ये थांबावं तर मिस्त्रीचं काम संपलं होतं. आप्पा काचेतून रिकाम्या फाटकाकडे टक लावून बसले होते, मध्येच मान उंचावून बघत होते. थोडा वेळ ते बघून तो फाटकापर्यंत चालत गेला आणि तिथं पाठमोरा उभा राहिला. हात ग्रीसनं काळे झाले होते, म्हणून ते त्यानं अंगापासून दूर धरले. बायको आली. तिनं आप्पांची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली, तिचा पट्टा नीट केला आणि बाजूला झाली.

मागं हॉर्न वाजला. दोनदा, आखूड.

तो वळला आणि पिशवी सांभाळत पळत निघाला. पन्नाशीच्या माणसाला पळता येतं तेवढंच, पण पळत.