तिच्या सुट्टीची संध्याकाळ

आमची बायको हॉस्पिटलात कायम रात्रपाळीला असलेली नर्स आणि मी दिवसभर मशीनला जुंपलेला शिंपी. मी दुकानातून घरी येतो तेव्हा ती चपला घालत असते. "दूध तापवलंय, गॅस बंद केलाय का बघ, येते." एवढाच आमचा संसार, तोही दारात. मग मी आणि चार भिंती.

उन्हाळा लागला आणि घर जास्तच खायला उठलं. म्हणून ठरवलं, सुट्टीच्या दिवशी तिला बागेत न्यायचं आणि एकदाचं सांगून टाकायचं, की रात्रपाळी सोड बाई, मला घरी एकट्याला करमत नाही. वाक्य साधंच, पण घरात काही केल्या जिभेवर येत नव्हतं. लोकांच्या पँटी आखूड करता करता मी ते आठवडाभर घोकत होतो.

बाग तुडुंब भरलेली. उकाड्याला कंटाळून निम्मं शहर गवतावर येऊन पडलं होतं. कारंज्यापाशी पोरांचा नुसता धुडगूस. आम्हाला कोपऱ्यातला बाक मिळाला. ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता. मी घसा खाकरला.

"ऐक ना," म्हटलं.

"हं," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली.

असा संताप आला! झोपायला घरी पलंग नव्हता? पण तिच्या पायांकडे लक्ष गेलं. सुजलेल्या पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. मग तिची मान अवघडू नये म्हणून खांदा जरा खाली केला. शेजारी एकजण फोनवर ओरडत होता, त्याला डोळे वटारून गप्प केलं. पायाशी आलेला चेंडू पायानंच परत ढकलला. खांद्याला मुंग्या आल्या, तरी हललो नाही. म्हणजे बागेत येऊन माझीच ड्यूटी लागली.

दिवे लागले. रखवालदारानं फाटकापाशी शिट्टी फुंकली, तशी तिनं डोळे न उघडताच माझं मनगट धरलं. बोटं बरोबर नाडीवर.

"काका, अजून जागेच? काय होतंय तुम्हाला?"

एरवी मला ती अरे-तुरे करते. म्हणजे मी तिच्या वॉर्डातला कुणी पेशंट झालो होतो. मला हसूच फुटलं. तिला हलवून उठवणार होतो, पण तेवढ्यात घोकलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं.

"झोप लागत नाही हो सिस्टर. घरी एकट्याला करमत नाही."

तिनं झोपेतच माझा हात थोपटला. इतक्या मायेनं ती माझ्याशी शेवटचं कधी बोलली होती, आठवेना.

"घरचं कोणी नाही का तुमचं? बोलावून घ्या ना."

"आहे," मी म्हटलं. "पण फार दमलीय हो ती."

रखवालदार आमच्याच दिशेनं येत होता. मी त्याला लांबूनच हात जोडले.