फक्कीवर पाय नको

टोळाला स्वतःचा खेळ पडद्यावर बघायची हौस कधीच नव्हती. फुटबॉलचा सामना संपला की बाकीचे खेळाडू मोबाईल उघडून आपापल्या करामती पुन्हा पुन्हा बघत बसत. हा बुटांच्या नाड्या सोडायचा, मोजे धुण्याच्या पेटीत टाकायचा आणि घर गाठायचा. त्यामुळे फिजिओबाईंनी उपचारांच्या खोलीत बोलावून समोर टीव्ही लावला, तेव्हा तो आधी चपापला आणि मग कंटाळला.

"पालथा झोप," बाई म्हणाल्या. "मान मात्र टीव्हीकडे ठेव."

टेबलावर कागद अंथरलेला होता. हललं की तो कुरकुरायचा. खोलीत मलमाचा आणि ओल्या टॉवेलांचा वास. बाईंनी डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला अंगठा रोवला आणि टोळाने दात आवळले. हाच स्नायू या मोसमात तिसऱ्यांदा धरला होता. फाटला नव्हता, पण पुढच्या वेळी फाटेल असं बाईंचं म्हणणं होतं. बाईंचे हात मऊ आणि तोंड कडू, असं सगळा संघ म्हणायचा.

आदल्या दिवशी प्रशिक्षकाने त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. करार मोसमाबरोबर संपत होता. "पाय धड असेल तर आणखी एक वर्ष घेऊ तुला," प्रशिक्षक म्हणाला. "शनिवारी पूर्ण वेळ खेळून दाखव. मध्येच मांडी धरून खाली बसलास, तर मग हात मिळवू आणि आपापल्या वाटेने जाऊ." त्या बोलण्यात राग नव्हता. बसची वेळ सांगावी तसं त्याने सांगितलं. तेहतिशी उलटलेल्या विंगरला नव्याने कोण विचारणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

विंगरचं काम तसं एकलकोंडं. मैदानाच्या कडेने, रेघेला खेटून धावायचं, चेंडू आला तर पुढे न्यायचा, आतल्यांच्या डोक्यावर नेमका टाकायचा आणि पुन्हा मागे यायचं. गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात. ज्याने चेंडू पुरवला तो तोवर निम्म्या वाटेवर परत गेलेला असतो. टोळाने हे काम परक्या मुलुखात चौदा वर्षं केलं. पहिल्या क्लबात नुसती खुर्ची तापवली. दुसऱ्याने तिसऱ्याला उसना दिला. या चौथ्या क्लबात मात्र त्याचं बस्तान बसलं. सहकारी त्याला 'फूटपाथ' म्हणत, कारण गाड्या रस्त्याच्या मधून जातात आणि हा कायम कडेने. टोळ हे नाव घरचं होतं, लहानपणीच्या काड्यांसारख्या लांब पायांवरून पडलेलं.

"हे बघ," बाईंनी चित्र थांबवलं. "चेंडू रेघेवर आलाय. सगळे काय करतात? रेघेवरून धावतात. तू काय करतोस?"

पडद्यावरच्या टोळाने डावा पाय उचलला, पांढऱ्या रेघेवर न टेकवता पार पलीकडे टाकला आणि मग उजवा जवळ ओढून घेतला.

"आता हा दुसरा सामना. इथेही तेच. आणि हा मोसमाच्या सुरुवातीचा. रेघ आहे का गटार आहे रे? इतकी लांब टांग टाकलीस की मांडी ताणणारच. तीनही वेळा अशीच धरली आहे."

"मला ठाऊकच नव्हतं."

"पाय तुझा, आणि तुला ठाऊक नाही?"

"पायाला असेल ठाऊक," टोळ म्हणाला.

बाईंनी टीव्ही बंद केला. "औषध सोपं आहे. रेघेवर पाय दे."

कागद कुरकुरला. टोळाने मान बंद टीव्हीवरून वळवली. मग म्हणाला, "नाही जमायचं."

"का? धर्माच्या आड येतं?"

"वडिलांच्या."

बाईंनी हात पुसले. त्यांना हे समजलं नाही, आणि त्याने समजावलंही नाही.

त्याचे वडील, अण्णा, गावातलं मैदान राखायचे. गवत कापायचं, खड्डे बुजवायचे, जाळ्या शिवायच्या आणि सामन्याच्या आदल्या दिवशी फक्की मारायची. दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणून, कमरेत वाकून, डब्यातून पांढरी फक्की सोडत ते अख्खं मैदान आखायचे. रेघ अशी सरळ की बघत राहावं. अण्णांचा आवाज एरवी कधी चढत नसे. घरात ताट पडलं तरी ते "पडलं वाटतं" एवढंच म्हणत. पण एकदा लहानगा टोळ अनवाणी धावत मैदानात शिरला, आणि ते केवढ्यांदा तरी ओरडले, "फक्कीवर पाय नको!"

पोर जागच्या जागी थिजलं. सकाळपासून वाकून वाकून काढलेली रेघ तुडवणं म्हणजे बापाची पाठ तुडवणं, असं त्याने मनाशी धरलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लहान मूल स्वतःहून जे समजून घेतं, ते बरोबर आहे का हे कुणी तपासायला जात नाही. आणि नेम एकदा अंगात मुरला की तो का धरला, हे विचारायची तसदी धरणाराही घेत नाही. तो रेघेच्या अगदी जवळून धावायला शिकला, आणि वेळ आलीच तर तिच्यावरून उडी घ्यायला. खेळाडू निवडणारा माणूस गावात आला तेव्हा तेवढंच बघून थांबला. कडेने असा सुतात धावणारा पोरगा त्याने आधी पाहिला नव्हता. म्हणजे टोळाची सगळी कारकीर्द त्या एका ओरडण्यातून निघाली होती.

संध्याकाळी घरी बायको भाजी निवडत होती. त्याने फिजिओबाईंचं बोलणं सांगितलं, तशी ती निवडायची थांबली.

"मग विचारा की अण्णांना."

"काय विचारू? तुमच्या रेघेवर पाय देऊ का म्हणून?"

"त्यात काय झालं? परवानगीच हवी आहे ना? मागा आणि मोकळे व्हा."

"तुला नाही कळायचं ते."

"मला एवढं कळतं, की शनिवारी मांडी गेली तर सामान मलाच बांधायचंय," बायको म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

अण्णांचा फोन रोजच्यासारखा आला. त्यांना मोबाईल लांब धरायची सवय लागली नव्हती, त्यामुळे पडद्यावर कपाळ आणि एक भुवई एवढंच दिसायचं.

"मांडी काय म्हणते?" भुवईने विचारलं.

"बरी आहे."

"खोटं बोलतायत, अण्णा!" बायको मागून म्हणाली. "डॉक्टरीण सांगते रेघेवर पाय द्या, नाहीतर मांडी फाटेल. आणि हे द्यायला तयार नाहीत."

भुवई गेली. पडद्यावर घरचं छत आणि फिरणारा पंखा आला. "कुठली रेघ?"

"मैदानाची. बाजूची," टोळ म्हणाला.

"मग का देत नाहीस?"

"तुम्हीच नको म्हणाला होतात."

"मी? मी कशाला नको म्हणू? कधी?"

"लहानपणी. फक्कीवर पाय नको, म्हणालात."

पडद्यावरचा पंखा तिरका झाला. मग अण्णांचा अख्खा चेहरा पहिल्यांदाच पडद्यावर आला.

"अरे, चुना होता तो! खडूची फक्की आपल्याला कुठली मिळायला? कळीचा चुना आणून मीच भिजवायचो. ताजा चुना भाजतो. मोठ्यांच्या पायात बूट असायचे, तू फिरायचास अनवाणी. तळपायाला फोड आले असते तर तुझ्या आईने मला घरात घेतलं असतं का?"

"मला वाटलं, रेघ बिघडेल म्हणून."

"रेघ बिघडायलाच असते, बाबा! रविवारी बिघडायची म्हणून तर पुढच्या शनिवारी मला काम होतं. बिघडली नसती तर मला घरी नसतं बसवलं?"

"मग मला बूट आले तेव्हा सांगायचं होतंत."

"तू अजून धरून बसला आहेस हे मला काय स्वप्न पडणार? मी इथे टीव्हीवर बघायचो तुला. शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचो, ती उडी बघा, ती आमच्या टोळाची खास लकब आहे."

बायको तोंडावर पदर धरून आत निघून गेली. हसत होती हे तिच्या पाठीवरूनही कळत होतं.

फोन ठेवल्यावर टोळाला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. इतकी वर्षं जे मान म्हणून जपलं, ती नुसती काळजी निघाली. ती काही कमी नव्हती. पण ती जपायची काही गरज नव्हती, आणि ती जपण्यात एक मांडी खर्ची पडली होती. तो उगाच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला.

शुक्रवारी सराव संपल्यावर सगळे गेले, तरी तो मैदानातच राहिला. पलीकडच्या बाजूला मैदान राखणारा माणूस चाकांच्या यंत्राने रेघा मारत होता. यंत्राच्या पोटातून पांढरा रंग बारीक फवाऱ्याने गवतावर उतरत होता. टोळ त्याच्या मागे मागे गेला.

"हा रंग भाजतो का हो?"

"डोळ्यात गेला तर चुरचुरेल. का?"

टोळाने बूट काढला, मोजा काढला आणि डावा पाय ताज्या रेघेवर ठेवला. रंग गार होता. पाय उचलला तर गवतावर टाच आणि पाच बोटं दिसत होती.

"ए! आत्ता मारली ना ती! डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

"चुकलो. द्या, मी नीट करतो."

"तुला येतं?"

"माझे वडील हेच करायचे."

माणसाने कुरकुरत यंत्र सोडलं. टोळाने ते दोन्ही हातांनी धरून पुढे ढकललं. जेवढा तुकडा बिघडवला होता तेवढाच त्याने पुन्हा मारला, आणि तो असा नागमोडी गेला की माणूस कमरेवर हात ठेवून हसायला लागला.

"वडिलांकडून शिकायचं राहिलं वाटतं! तू आपला चेंडूच मार, बाबा."

आता ते सरळ करायला वेळ नव्हता. माणूस पुढे निघून गेला.

शनिवारच्या पूर्वार्धात टोळ बाकांसमोरच्या बाजूला धावत होता. चेंडू रेघेशी आला आणि पायाने न विचारताच जुनी उडी मारली. मांडीच्या मागे कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. बाकावर बसलेल्या फिजिओबाईंनी कपाळाला हात लावला. प्रशिक्षकाने राखीव विंगरला उठून अंग मोकळं करायला सांगितलं.

मध्यंतरात टोळ पालथा झोपला. बाईंनी मांडीवर बर्फ धरला, सोडला, आणि म्हणाल्या, "फाटलेली नाही. अजून."

उत्तरार्धात बाजू बदलल्या आणि टोळ पलीकडच्या रेघेकडे गेला. राखीव विंगर अंग मोकळं करत उभाच होता. मग मागून एक लांब चेंडू आला. रेघेला धरून घरंगळत निघाला, आता जातो की मग जातो असा. टोळ त्याच्या मागे धावला. प्रतिस्पर्धी बचावपटूचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता. धावताना खाली बघू नये, हे विंगरला पहिल्या दिवशी शिकवतात. टोळाने खाली बघितलं. पुढ्यात त्याचाच कालचा नागमोडी तुकडा होता.

त्याने डावा पाय त्याच्यावर ठेवला. पूर्ण, टाचेपासून बोटांपर्यंत. काही झालं नाही. तुकडा संपला आणि सरळ रेघ लागली, तिच्यावरही पाय पडला. पावलं आखूड होती, मांडी गप्प होती. चेंडू बाहेर जाता जाता सापडला, आणि त्याने तो आत उचलून टाकला. आघाडीवरच्या गड्याने उंच उडी घेऊन डोक्याने मारला आणि चेंडू गोलाच्या कितीतरी वरून प्रेक्षकांत गेला.

गोल झाला नाही. सामना बरोबरीत सुटला. टोळ मात्र शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात होता, आणि राखीव विंगर कधीचाच खाली बसला होता.

आत जाताना प्रशिक्षक हातातल्या मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "सोमवारी ये सही करायला." फिजिओबाईंनी त्याचा डावा बूट उलटा करून बघितला, खिळ्यांमध्ये बसलेला पांढरा रंग नखाने खरवडला, आणि बूट परत दिला.

घरी पोचतो तोच फोन वाजला. आज भुवई नव्हती. नुसता कान होता.

"बघितलं," अण्णा म्हणाले. "तुडवलीस रेघ."

"हो."

"चांगली चार-पाचदा."

"मोजत होतात?"

"दुसरं काय बघायचं? गोल तर कुणाला करता आला नाही." कान जरा हलला. "एका ठिकाणी रेघ वाकडी मारली होती कुणीतरी. तिथला माणूस नवीन आहे का?"

"नवीनच आहे," टोळ म्हणाला.

"शिकेल हळूहळू." मग अण्णांनी विचारलं, "भाजलं का?"

टोळाने मोजा काढलेल्या पायाकडे बघितलं. अंगठ्याच्या नखाच्या कडेला शुक्रवारचा पांढरा ठिपका अजून होता.

"नाही, अण्णा."

"बरं," अण्णा म्हणाले. "जेव आता."