उद्याचा अध्याय

कांद्याची रोपं मान टाकायला लागली होती. सूनबाई पहाटेपासून ओढ्यातल्या खड्ड्यातून घागरी आणत होती आणि एकेका रोपाच्या बुडाशी तांब्याने पाणी सोडत होती. वाफ्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीचं पाणी जमीन पिऊन बसलेली असायची. कंबरेचा काटा ढिला झाला होता. आणि गंमत बघा, ज्या वाटेने ती घागर घेऊन यायची त्याच वाटेवर, घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यांची स्वतःची विहीर होती. चांगली भरलेली. पण तिच्यावर जाड फळ्या टाकलेल्या आणि फळ्यांवर दगड.

विहीर सासऱ्याने तरुणपणी स्वतःच्या हातांनी खणलेली. मागच्या उन्हाळ्यात तिचा नवरा गाळ काढायला खाली उतरला. आत कोंडलेली हवा वाईट होती. वरच्या माणसांना हाक मारायलाही त्याला सवड मिळाली नाही. दोर लावून वर काढला तेव्हा सगळं संपलेलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे त्याच्या आधीच गेले होते, त्यामुळे त्याने लेकाचा चेहरा हातांनी चाचपून बघितला आणि तिथेच सांगितलं, "विहीर झाका. माझ्या पोराचा शेवटचा श्वास आहे तिच्यात. तो कोणी प्यायचा नाही."

तेव्हापासून ऊन चढलं की त्या फळ्या तडकायच्या. लाकूड तापलं की तडकतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सूनबाईला त्या आवाजात नवऱ्याचं खोकणं ऐकू यायचं. घरात शिरताना तो असाच दारात खोकायचा. एकदोनदा तर तिच्या तोंडून "आले हं" असं निघूनही गेलं, आणि मग भर उन्हात अंगावर काटा आला. घागर डोक्यावर असली की ती त्या जागेवरून जवळजवळ पळतच जायची.

हे कांदे गेले तर घर सोडून दुसऱ्याच्या रानात राबायला जावं लागणार होतं. ती तरणी होती, तिला कोणीही कामावर ठेवलं असतं. आंधळ्या म्हाताऱ्याला कोण ठेवून घेणार? हे तिने सासऱ्याला गोडीने सांगून बघितलं, रडून सांगितलं, एकदा भांडी आपटूनही सांगितलं. म्हातारा ढिम्म हलला नाही. देवाने सांगितलं तर उघडीन, म्हणायचा, माणसाच्या सांगण्यावरून नाही.

हे तिने शेजारच्या गवळणीपाशी बोलून दाखवलं. गवळण तोंडाने फटकळ. ती म्हणाली, म्हाताऱ्याला बायबलाशिवाय काही ऐकू येत नाही, आणि बायबल तर तूच वाचून दाखवतेस, मग ऐकव की! ती हसली, म्हशीच्या पाठीवर थाप मारून निघून गेली. बोलणारीचं बोलून झालं, पण ऐकणारीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

त्या घरात दिवेलागणीला रोज एक अध्याय वाचायची रीत होती. म्हातारा वाचायचा, मग त्याचे डोळे गेल्यावर लेक वाचायचा. त्यानेच बायकोला अक्षरओळख करून दिली होती, आणि तो गेल्यावर ती ओळीखाली बोट ठेवून, अडखळत वाचायची. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात, ओळीने पुढे. पान उलटून पुढचं बघायचं नाही, हा म्हाताऱ्याचा कडक नियम. अरण्यात देवाने लोकांना रोजच्यापुरतं अन्न दिलं, उद्याचं आज गोळा करणाऱ्याच्या भांड्यात किडे पडले, म्हणून उद्याचा अध्याय उद्याच. सूनबाईने तो नियम कधी मोडला नव्हता.

त्या संध्याकाळी नेमका विहिरीवरच्या मुलीचा अध्याय आला. दूरच्या गावाहून थकून आलेल्या नोकराला ती पाणी देते आणि त्याच्या उंटांनाही पाजते. सूनबाई वाचत होती. उंट पाणी पीत होते आणि तिच्या डोळ्यांसमोर स्वतःचे वाफे येत होते. तिचं बोट ओळीवरच राहिलं, पण तोंड पुढे गेलं.

"मग ती मुलगी म्हणाली, ज्या विहिरीने माझं माणूस नेलं ती मी उघडली. कारण पाण्याने कोणाचा श्वास धरून ठेवलेला नाही, तो परमेश्वराकडे गेला आहे."

म्हातारा एकदम ताठ बसला. पुन्हा वाच, म्हणाला. तिने पुन्हा म्हटलं. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतक्या वर्षांत हे वचन माझ्या कानावरून कसं गेलं, म्हणाला. तिने बाकीचा अध्याय रेटून संपवला.

सकाळी त्याने चाचपडत स्वतः दगड बाजूला केले. फळ्या सरकल्या, राहाट कुरकुरला, आणि पाण्याने भरलेली बादली वर आली. म्हातारा ओंजळ भरून पहिलं पाणी प्यायला. वाफे भिजले, रोपांनी दुपारपर्यंत माना वर केल्या. गवळण येऊन म्हणाली, सुटलीस गं बाई. सूनबाईने त्या विहिरीचं पाणी गाईला पाजलं, कांद्याला पाजलं, पण तिच्या स्वतःच्या घशाखाली घोट उतरेना. पेला तोंडाशी नेला की खोकणं ऐकू यायचं. आता तर ते कानाशी आलं होतं. तहान लागली की ती गुपचूप ओढ्यावर जाऊन पाणी पिऊन यायची.

संध्याकाळी म्हातारा म्हणाला, आजचा अध्याय मग, आधी कालचं ते वचन वाच. तिने आठवून आठवून म्हटलं, शेवटी "देवाकडे गेला" म्हणाली. म्हाताऱ्याने हात वर केला. "काल 'परमेश्वराकडे गेला आहे' होतं." तिने घाईने तसं म्हटलं, आणि मग त्या दिवसाच्या अध्यायातलं एक अक्षर तिला दिसेना. प्रभूला अरण्यात भुलवायला जो सैतान आला होता तोही शास्त्राच्याच भाषेत बोलला होता, हे तिने नवऱ्याच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. ऐकताना तिला वाटायचं, काय हिंमत मेल्याची! आता तिची ती हिंमत झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती पाणी शेंदत असताना म्हातारा काठाशी येऊन उभा राहिला. वाकला, आणि आत तोंड करून, लेकाला काहीतरी गोड बातमी सांगावी तसं, तिने रचलेलं ते वाक्य सबंध म्हणाला. विहिरीने ते परत केलं. "गेला आहे," असं खालून आलं, आणि ते म्हाताऱ्याच्या आवाजात नव्हतं. निदान तिला तरी ते नवऱ्याच्या आवाजात ऐकू आलं. दोर तिच्या हातातून सुटला, बादली दाणकन पाण्यात पडली.

"मामंजी," ती म्हणाली, "ते वचन पुस्तकात नाही. मी रचलं."

म्हातारा तसाच वाकून राहिला. ती पायाशी बसून सगळं सांगत गेली, वाफे, गवळण, उंट, सगळं. त्याने ना शिवी दिली ना हात उगारला. तसं केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं, "माझं पोर परमेश्वराकडे गेलंय, हेही तुझंच?"

"ते पण माझंच. पण खोटं नसेल ते, मामंजी."

"नसेल म्हणतेस."

त्याने जमिनीवर हात फिरवून पहिली फळी शोधली. ती मदतीला गेली तर त्याने तिचा हात बाजूला केला. एकट्याने सगळ्या फळ्या ओढल्या, दगड ठेवले, बोट चेंगरलं तरी थांबला नाही. ती घागर घेऊन पुन्हा ओढ्याला लागली.

तिला वाटलं, आता हा आपल्याकडून पुस्तक ऐकणार नाही. पण दिवेलागणीला तो रोजच्या जागी येऊन बसला. वाचणारं दुसरं होतं कोण? तिने खूण ठेवलेलं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. त्या देशात दुष्काळ पडला होता. बापाने आपल्या हयातीत विहिरी खणल्या होत्या, त्याच्यामागे लोकांनी त्या मातीने बुजवून टाकल्या होत्या. आणि लेकाने,

तिने पुढची ओळ आधी मनात वाचली, पुन्हा वाचली. दोन संध्याकाळी कळ काढली असती तर? एवढंच तर करायचं होतं. जे तिने पोटातून काढून देवाच्या तोंडी घातलं, ते देवाने इथे केव्हाचं लिहून ठेवलं होतं.

"थांबलीस का?" म्हातारा म्हणाला.

"आणि लेकाने बापाच्या वेळच्या त्या विहिरी पुन्हा उकरून मोकळ्या केल्या," तिने वाचलं, "आणि बापाने ठेवलेलीच नावं त्यांना दिली."

गाईच्या रवंथाचा आवाज भिंतीपलीकडून येत होता.

"हे पुस्तकातलं?"

"पुस्तकातलंच, मामंजी. शपथ."

"परवाचंही पुस्तकातलंच होतं."

तिने त्याचा हात धरला, चेंगरलेलं बोट उचलून त्या ओळीवर ठेवलं. त्याने बोट सावकाश एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेलं, परत आणलं, जणू अक्षरांना उंचवटा असतो. कागद गुळगुळीतच होता. तरी त्याने बोट काढलं नाही.

"रविवारी चर्चचे पाळक येतील," तो म्हणाला. "त्यांना हेच पान वाचायला लावणार. तू त्यांच्याशी आधी एक शब्द बोलायचा नाहीस."

"नाही बोलणार."

तिने डोळे पुसले. रविवार अजून लांब होता आणि वाफ्यांची माती आताच भेगाळायला लागली होती. पुस्तक मिटावं म्हणून ती हात लावायला गेली तर म्हाताऱ्याने पानावरचं बोट आणखी दाबून धरलं.

"रोपं रविवारपर्यंत जगव," तो म्हणाला.