तुझी गाडी, माझं इंजिन

"अजून जरा डावीकडं. घ्या, घ्या... बास!"

मेकॅनिक बजरंग ओरडला आणि आंब्याच्या फांदीला साखळीने टांगलेलं इंजिन एक हलका हेलकावा घेऊन हिरव्या गाडीच्या उघड्या पोटावर स्थिर झालं. दिगंबरने हात पुढे करून त्याला आधार दिला. आधाराची काही गरज नव्हती. पण जन्मभर आपलं असलेलं इंजिन दुसऱ्याच्या गाडीत उतरताना नुसतं बघत उभं राहणं त्याला जमेना.

"दिग्या, बोट अडकेल," अनंत म्हणाला. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसून होता. सकाळपासून तिथून उठला नव्हता आणि दुसऱ्या कुणाला तिथे टेकू देत नव्हता.

एरंडवण्यातल्या त्या कॉलनीत या जातीच्या दोन विलायती गाड्या आल्या, त्या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. आधी अनंताच्या वडिलांनी घेतली, म्हणून मग दिगंबरच्या वडिलांनी. पुण्यात तिसरी नव्हती. पुढे अनंताच्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला आणि दिगंबरच्या गाडीचा पत्रा गंजून गेला. एकाकडे धडधाकट गाडी, दुसऱ्याकडे धडधाकट इंजिन, मधे फक्त चार बंगले. व्यवहारी माणसांनी आठवड्यात निकाल लावला असता. हे दोघे वर्षानुवर्षं वाट बघत बसले, समोरचा आधी कंटाळतो का म्हणून. संध्याकाळी बरोबर फिरायला जात, आणि परतताना प्रत्येक जण दुसऱ्याच्या गॅरेजकडे एक नजर टाकून घेई.

शेवटी दिगंबरच्या मुलाने गॅरेजच्या जागी दवाखाना काढायचं ठरवलं. गाडीचा सांगाडा भंगारात गेला. इंजिन हातगाडीवर घालून दिगंबर स्वतः अनंताकडे आला आणि म्हणाला, "ठेव. तुझं तरी भागेल."

त्या 'तरी'साठी अनंताने दोन दिवस आभार मानले नव्हते.

इंजिन बसलं. बोल्ट आवळले गेले. फाटकापाशी माणसं जमू लागली. शेजारचे श्यामसुंदर जोग पेपर परत करायला म्हणून आले आणि पेपर हातात घेऊनच थांबले.

"वा, अनंतराव! रंग काय दिलाय! आणि हे मडगार्ड!"

"सीटचं कातडं अजून मूळचंच आहे," अनंताची बायको वासंती चहाचा ट्रे घेऊन येत म्हणाली. "आम्ही कधी उन्हात ठेवलीच नाही गाडी."

दिगंबर चहा पीत ऐकत राहिला. रंग झाला, मडगार्ड झाले, कातडं झालं, दाराच्या मुठीसुद्धा झाल्या. इंजिनाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. बॉनेट पडलं की ते दिसणारही नव्हतं.

"डिस्ट्रिब्यूटर मी बघतो," कप खाली ठेवून तो बजरंगला म्हणाला. "टायमिंग माझं मीच लावणार. नंतर त्या टोपणाला कोणी हात लावायचा नाही."

त्याने टायमिंग लावलं, अगदी मन लावून. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाखाली रोटर असतो, अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो नसला तर प्लगपर्यंत ठिणगी पोचत नाही. दिगंबरने तो बसवला, नीट बसल्याची खात्री केली, आणि पुन्हा काढून पँटच्या खिशात टाकला. हिशेब साधा होता. हँडल मारून मारून बजरंग दमेल. मग सगळे आपल्याकडे वळतील. आपण सावकाश उठू, आधी पाणी मागू, मग वाकू. इंजिन धडधडायला लागेल. ते कुणाचं आहे हे मग कोणाला सांगावं लागणार नाही.

बॉनेट पाडताना मात्र जोगांना अचानक सुचलं.

"म्हणजे अनंतराव, तुमची गाडी आता दिगंबररावांच्या जिवावर पळणार म्हणायची!"

सगळे हसले. दिगंबरही हसला, जरा उशिराच, पण मनापासून. अनंत तेवढा हसला नाही. तो खाली वाकून पायाशी काहीतरी चाचपत राहिला.

बजरंगने हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. दिगंबर तयारीत उभा होता.

"इंजिनच मेलंय, साहेब," बजरंग धापा टाकत अनंताला म्हणाला. "लई वर्षं पडून हाय. कात्रजला माझ्याकडं टेम्पोचं डिझेल इंजिन आलंय. ते बसवू. एकदम गॅरंटी!"

"फुकट का दिलं, ते आता कळलं," जोग म्हणाले आणि पेपर तसाच घेऊन घरी गेले.

दिगंबरने अनंताकडे पाहिलं. ते इंजिन कसं सांभाळलंय, दर रविवारी त्यात तेल घालून हाताने कसं फिरवलंय, हे एकटा अनंत जाणत होता. तो एक वाक्य बोलला असता तरी पुरलं असतं.

"बघू," अनंत म्हणाला.

खिशातल्या रोटरवर दिगंबरची मूठ आवळली. आता तो बाहेर काढायचा तरी कोणत्या तोंडाने?

"चारला येतो," बजरंग म्हणाला. "मग उतरवूनच टाकू."

दुपारी एक ते चार त्या कॉलनीत पोस्टमनसुद्धा बेल वाजवत नसे. दिगंबर फाटकातून आत शिरला तेव्हा चपला त्याच्या हातात होत्या. बॉनेट उघडून त्याने रोटर जागेवर बसवला. मग राहवेना म्हणून हँडल लावलं आणि गुडघ्याची पर्वा न करता एक फेरा मारला.

काही नाही.

दुसरा मारला. इंजिन ढिम्म. खरंच मेलं की काय? त्याने कार्ब्युरेटरची नळी सोडवली. नळी कोरडी ठणठणीत. आणि टाकी तर सकाळी त्याच्यासमोर भरली होती.

मग त्याला नळ आठवला. गाडी उभी असताना पेट्रोल गळू नये म्हणून अनंताच्या वडिलांनी ड्रायव्हरच्या पायाशी एक छोटा पितळी नळ बसवून घेतला होता. त्याने दार उघडलं, वाकून पाहिलं. नळ बंद होता.

त्या जागेवर सकाळपासून एकच माणूस बसला होता.

दिगंबर तिथेच उकिडवा बसून राहिला. आधी त्याला संताप आला. मग, खरं सांगायचं तर, जरा बरं वाटलं. इतकी वर्षं आपण एकटेच जळतोय असं तो समजत होता.

त्याने नळ उघडला, नळी जोडली, बॉनेट हलकेच टेकवलं. फाटकाशी येऊन मागे पाहिलं तेव्हा वरच्या खिडकीचा पडदा हलत होता. वारा कुठेच नव्हता.

चार वाजता, उतरवण्याआधी एकदा मारून बघ असं दोघांनीही म्हटल्यावर बजरंगने मुकाट हँडल मारलं, आणि इंजिन दोनदा खोकून असं सुरू झालं की आंब्यावरचे कावळे उडाले. वासंतीने नारळ फोडला. जोग पुन्हा आले, या वेळी पेपर विसरून.

"सकाळी झालं काय होतं मग?" त्यांनी विचारलं.

"कचरा," दिगंबर म्हणाला. "पेट्रोलच्या नळात."

"छे," गाडीतून अनंत म्हणाला. "डिस्ट्रिब्यूटरमध्ये."

बजरंगने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दोन्हीकडं एकदम?"

"जुन्या गाडीत असायचाच," अनंत म्हणाला. मग काचेवर बोटं वाजवत त्याने दिगंबरला विचारलं, "येतोस का चक्कर मारायला?"

दिगंबर ड्रायव्हरच्या दारापाशी आला. अनंत जागचा हलला नाही.

"तिकडून," तो म्हणाला.

दिगंबर वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसला. गाडी फाटकाबाहेर पडली. कर्वे रस्ता येईपर्यंत अनंताने दोनदा खाली वाकून नळ चाचपला. दिगंबरने एकदाच आपला खिसा. पण अनंत तिकडेच बघतोय हे लक्षात येताच त्याने हात बाहेर काढला आणि मांडीवर, स्पष्ट दिसेल असा, उघडा ठेवला.