एकसारख्या बरण्या

धाकट्या जावेचं नवं स्वयंपाकघर पाहिलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? ओटा कोरा, गॅसशेजारी तेलाची बाटलीसुद्धा नाही. कपाट उघडलं तर आत काचेच्या बरण्या, सगळ्या एका उंचीच्या, एकसारख्या झाकणांच्या.

"ताई, नको ते सगळं काढून टाकलं," ती म्हणाली.

"छान," मी म्हटलं. तेवढी दोन अक्षरं काढायला फार कष्ट पडले.

सासूबाईंनी ओट्यावरून बोट फिरवलं. "इथं कशाला हात लावायलाच नको वाटतं गं."

झालं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाई माझ्याकडे राहतात, पण माझ्या स्वयंपाकघराबद्दल असलं कौतुक त्यांच्या तोंडून कधी निघालेलं नाही. त्यात निघताना दीर म्हणाले, "आईला आता इकडेच राहू दे की, खोली रिकामीच आहे." धाकटी गोड हसली. मला ते हसू डोक्यात गेलं. आम्ही दोघी रोज भांडतो, पण सासूबाई माझ्या आहेत. चकचकीत कपाटं दाखवून कुणी त्यांना पळवून न्यावं, हे मी चालू देणार नव्हते.

घरी येऊन मी पदर खोचला. आमच्याकडे साखर बिस्किटांच्या चेपलेल्या डब्यात, चहा दूध पावडरच्या डब्यात आणि मीठ तडा गेलेल्या झाकणाच्या बरणीत. सगळं भंगारवाल्याला दिलं.

"त्या डब्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" नवऱ्याने विचारलं.

धाकटीच्या बरण्या पारदर्शक होत्या, म्हणून मी पांढऱ्याशुभ्र आणल्या. आतलं काही दिसायलाच नको. नावाच्या चिठ्ठ्याही लावल्या नाहीत, शोभा जाते.

सकाळचा पहिला चहा आमच्याकडे सासूबाईच करतात. तिथे त्या कुणाला फिरकू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या चहात मीठ पडलं. नवरा हसत सुटला, मीही हसले. पुढच्या सकाळी त्यांनी सगळ्या बरण्या उघडून ओट्यावर मांडल्या आणि एकेकीत बोट घालून चाखत बसल्या.

"आई, झाकणं लगेच लावा हो. कसं दिसतं ते," मी म्हटलं.

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. बाहेरच्या खोलीत हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी चहा करून नेला. सांगायला लाज वाटते, पण मी खुशीत होते.

"आता आपलंही अगदी तिच्यासारखं झालं ना, आई?"

"हो," त्या म्हणाल्या. "आता इथंही हात लावायला नको वाटतं."

ते कौतुक नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"अगं, मला हल्ली दिसतं कुठे धड?" त्या म्हणाल्या. "डबा हाताला कळायचा. चेपलेला लागला की साखर. आता सगळं सारखंच लागतं."

"मी चिठ्ठ्या लावते. मोठ्या अक्षरात."

"राहू दे. धाकट्याला फोन कर, न्यायला ये म्हणावं."

"पण आई, तिथंही बरण्याच आहेत."

"तिथं मी पाहुणी. पाहुणीला चहा आयता मिळाला तर त्यात काही वाटत नाही. आपल्या घरात वाटतं."

मी दिरांचा नंबर लावला. फोन धाकटीने घेतला. ऐकून तिला इतका आनंद झाला की मला तो ऐकवेना.

"ताई, आईंना चहा कसा लागतो? तेवढं सांगून ठेवा."

मी सांगायला तोंड उघडलं. कडक लागतो की दुधाचा, साखर किती, मला काहीच सांगता येईना. इतकी वर्षं त्या माझ्या आवडीचा करायच्या आणि तोच स्वतःही प्यायच्या.

"असू दे," धाकटी म्हणाली, "मी त्यांनाच विचारीन."