विनीला सांभाळणारा डबा

मी पत्र्याचा गोल डबा बोलतोय, देवासच्या उमाबाईंच्या देवघरातला. आज माझा आवाज जरा चढलाय, सांभाळून घ्या. आज विनी सगळ्यांना दिसली हो!

विनी म्हणजे माझ्या पोटातल्या फिल्मची नायिका. अमेरिकेची, सिनेमा मुका होता तेव्हाची. टोप्यांच्या दुकानातली ही पोर कुणा सिनेमावाल्याच्या नजरेत भरली आणि पडद्यावर घोडे दौडवू लागली. तीन-चार वर्षं नुसती धमाल. मग आई आजारी पडली, विनी गावी परतली, ती पुन्हा कॅमेऱ्यापुढे आलीच नाही. तिच्या बाकीच्या फिल्मा जळाल्या नाहीतर कुजल्या. उरली ती फक्त माझ्याकडे.

मी इथे आलो संस्थानच्या काळात. उमाबाईंचे आजेसासरे यशवंतराव दरबारचं सिनेमाचं यंत्र चालवायचे. यंत्र पुढे भंगारात गेलं. मी वाचलो, कारण खंडेनवमीला घरातल्या तलवारीशेजारी, यशवंतरावांच्या कामाची वस्तू म्हणून, मलाही पाटावर मांडायचे. पूजेतली वस्तू उघडणार कोण?

हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळे लाड झाले. पण मग निरांजन यायचं आणि माझा जीव टांगणीला लागायचा. असली जुनी फिल्म ठिणगीनं भडकते! उमाबाई भक्तिभावानं ओवाळायच्या आणि मी मनातल्या मनात ओरडायचो, अहो बाई, लांबून, लांबून! जाळातून वाचली तरी आत विनी चिकटत चाललेली. कुणी बघायच्या आधीच तिचा भुगा होणार, याच काळजीनं मी गंजलो.

यंदाच्या नवमीला इंदूरहून नात आरोही आली. सिनेमाचं शिकते. मराठी वाचताना अडखळते, पण नाक भलतंच तिखट.

"आजी, इसमें से कसली तरी सडकी बास येतेय."

"पूजेचं आहे ते. हात लावू नकोस."

"पहले दिया दूर कर ना. मग रागव."

झाकण निघालं. उमाबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आरोहीनं मला मांडीवर घेऊन धारची बस धरली. तिथे तिच्या श्रीपादमामाचा फोटो स्टुडिओ आहे.

मामा म्हणाला, "बेटा, पूरी नाही निघायची. पण जेवढी निघेल तेवढी आपली."

चिकटलेले थर त्यानं जपून सोडवले, एकेक चित्र उजेडावर धरून फोटो काढले, मग आरोहीनं ते कंप्युटरवर एकापाठोपाठ जोडले. महिने गेले. मी बाजूला रिकामा पडून, पण काय सांगू, आनंदानं नुसता वाजत होतो.

आज उमाबाईंच्या बैठकीच्या भिंतीवर विनी धावली. डाग पडलेली, मधेच तुटलेली, पण हसरी. फिल्मवरच्या नावावरून शोधलेली तिची हकीकत आरोहीनं मोबाइलवरून वाचून दाखवली, तेव्हा कुठे मलाही कळली.

तुमच्याही घरी पूजेत बसलेला एखादा बंद डबा असेल, तर बाबांनो, एकदा उघडा. निरांजन मात्र लांब ठेवा.

शेवटी विनी घोडागाडीत बसून निघाली आणि मागे वळून हात हलवू लागली. इतकी वर्षं तिला न बघता ओवाळणाऱ्या उमाबाईंनी नकळत हात वर केला आणि म्हणाल्या, "ये हो, सांभाळून जा."