घरातलं माणूस

जुन्या जालन्यात काकासाहेबांच्या भुसार दुकानाचा एक कायदा होता, आणि तो कोर्टाच्या कायद्याहून कडक होता. दुकान उघडं आहे तोवर गादी रिकामी राहता कामा नये. बसणारं माणूस घरातलंच हवं, आणि घरातलं दुसरं कुणी येऊन टेकल्याशिवाय पहिल्यानं उठायचं नाही. रिकाम्या गादीवर लक्ष्मी थांबत नाही, असं काकासाहेब म्हणायचे. लक्ष्मीचं आपल्याला माहीत नाही, पण त्यांचा धाकटा मुलगा मच्छिंद्र मात्र तिथं पुरता थांबला होता.

काकासाहेबांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा थोरला देवानंद पुण्याला नोकरीत होता. तो दिवाळीला बाकरवडीचा पुडा आणि भरपूर उपदेश घेऊन यायचा. मच्छिंद्र औरंगाबादला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला चार दिवसांसाठी म्हणून बोलावून घेतलं. त्या चार दिवसांची आता दोन वर्षं झाली होती. जेवायला उठायचं तरी आधी आबांना, म्हणजे काकासाहेबांना, बखोटीला धरून आणायचं, गादीवर टेकवायचं, आणि मग घास गिळायचे. आबा आतल्या खोलीत पडून असत आणि जाग आली की हाक मारत, "गादीवर कोण हाय?" मच्छिंद्र म्हणे, "मी हाय." हे दिवसातून कितीदा होई ते मोजायचं त्यानं सोडून दिलं होतं.

होस्टेलमधून त्यानं एकच दौलत आणली होती. पुष्कळ बाजूंचे फासे आणि झेरॉक्स काढून काढून पुसट झालेले नियमांचे कागद. खेळ असा, की एकानं गोष्ट रचायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं. वीर काय करतो ते खेळणाऱ्यानं सांगायचं, ते जमलं का ते फासा सांगणार. दुपारी बाजार थंडावला की समोरच्या कापड दुकानातला अजमत आणि शिकवण्या घेणारा बद्रीनाथ गादीच्या कडेला येऊन बसत. गिऱ्हाईक दिसलं की फासे लोडाखाली जात. तिसरा गडी दाराआड. मच्छिंद्रची बहीण बेबीनंदा बारावी झाल्यापासून घरातच होती. ती आतल्या बाजूला धान्य निवडत बसे आणि तिथूनच खेळे. तिचा फासा अजमत टाकी.

त्या महिन्यात तिघे वीर एका किल्ल्याच्या भुयारात अडकले होते. बाहेर जायचं दार एकच, आणि दारापुढं दगडावर एक द्वारपाल बसलेला. तलवार त्याला कापत नव्हती, मंत्र बाधत नव्हता. अजमतनं त्याला लालूच दाखवली, झोपेचा काढा पाजला, किल्ला पेटल्याची हूल दिली. मच्छिंद्रनं सगळं उडवून लावलं. "मारलं तरच गुण," तो कागदावर बोट ठेवून सांगे. खोटं कशाला बोला, त्याला आत कुठंतरी बरं वाटत होतं. आपण सुटत नाही तर हे तरी का सुटावेत?

त्यातच बद्रीनाथ औरंगाबादहून खबर घेऊन आला. राहिलेलं वर्ष पुरं करायला कॉलेज पुन्हा घेत होतं, पण उद्या ज्यानं त्यानं स्वतः जाऊन उभं राहायचं. उद्यानंतर विषय संपला. देवानंदला फोन झाला होता. त्याला रजा नव्हती, त्याला रजा कधीच नसायची. मच्छिंद्रनं ऐकून घेतलं आणि फासे काढले.

"खेळा," तो म्हणाला. त्याचा आवाज फार वाईट लागला होता.

अजमतनं तलवार उपसली आणि फासा टाकला. नेहमीसारखीच हार. मग दाराआडून बेबी म्हणाली, "दादा, त्याला कुणी इचारलं का, तू उठत का न्हाईस म्हणून?"

इतके दिवस खेळून हे कुणाला सुचलं नव्हतं. मच्छिंद्रनं द्वारपालाचा जाड आवाज काढला आणि विचार न करता बोलून गेला, "जागा रिकामी ठेवायची न्हाई. घरातलं माणूस येऊन बसल्याबिगर मला उठता येत न्हाई."

अजमत गादीकडे बघत राहिला. आपण काय बोललो ते मच्छिंद्रला तेव्हा कळलं. इतके दिवस आपण स्वतःलाच दारात बसवून ठेवलं होतं, वर त्याला मारायला मित्र बोलावत होतो.

"मंग मी बसते," बेबी म्हणाली. "त्याला म्हणावं, तू जाय."

बद्रीनाथ नियमाचा माणूस. ही काही लढाई झाली नाही, म्हणून तो कुरकुरला. मच्छिंद्रनं मान खाली घातली. "घरातलंच लागतं," तो पुटपुटला.

"मी काय बाहेरची हाय?"

ती उंबऱ्यात येऊन उभी होती. हाताला ज्वारीचा कोंडा लागलेला. पोरीनं गादीवर बसायचं, लोक काय म्हणतील, आबा काय म्हणतील, असं काहीबाही मच्छिंद्र बोलला.

"दोन वर्षं झाली, मी तुझ्या पाठीमागं बसून राह्यले," ती म्हणाली. "तुला ही गादी कोंडवाडा वाटती. मला तर इथून निदान रस्ता दिसंल."

ते त्याला झोंबलं. आपल्या कोंडवाड्याच्या मागं आणखी एक खोली होती, आणि त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. तो सरकला. ती गादीवर टेकली, पदर सावरून लोडाला पाठ लावली. तो उठला. पाय बधिर झाले होते. पायरीखाली उतरून त्यानं एक चप्पल पायात घातली आणि तेवढ्यात आतून हाक आली.

"गादीवर कोण हाय?"

मच्छिंद्रच्या तोंडात "मी हाय" आलंच होतं. बेबीनं त्याच्याकडे बघून नको म्हणून मान हलवली.

"मी हाय, आबा. बेबी."

"मच्छिंद्र कुठाय?"

"औरंगाबादला गेला. कॉलेजात."

तो हाताच्या अंतरावर उभा होता, एक पाय अनवाणी. आता आबा ओरडतील, आपल्याला परत वर चढावं लागेल, असं त्याला वाटलं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, तसं झालं असतं तर तो निमूट चढलाही असता.

खाट करकरली. आबा खाकरले.

"मंग गादीवरचा पंखा लाव की," ते म्हणाले. "उकडंल तुला."

बेबीनं बटण दाबलं. जुना पंखा कुरकुरत फिरू लागला. मच्छिंद्रनं दुसरी चप्पल घातली आणि बसस्टँडच्या दिशेनं निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला असेल नसेल, मागून बद्रीनाथनं हटकलंच, गुण कुणाला मांडायचे म्हणून.

"सगळे बेबीला," मच्छिंद्र म्हणाला. मागं वळून पाहायची त्याची हिंमत झाली नाही.